पाटलाचं कपाट

सावली गावी वच्छी आत्याच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, एक जाळीचं कपाट उभं आहे. सागवानाची चौकट, तिन्ही बाजूंनी बारीक तारेची जाळी, पुढे दोन दारं आणि दारांना पितळेची कडी. एकेकाळी बऱ्यापैकी घरांत असं कपाट असायचं, दूध-दही मांजरापासून राखायला. घरोघरी फ्रीज आले आणि ती कपाटं भंगारात गेली. आत्याचं राहिलं. आता त्यात धानाचं बियाणं असतं, वाळवलेली मोहफुलं असतात, तिच्या गुडघ्याच्या गोळ्या असतात. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा काहीतरी शोधायला म्हणून दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. बियाण्याच्या, मोहाच्या वासाखाली अजून एक वास होता. हिरव्या मिरचीचा, पिकल्या जांबाचा म्हणजे पेरूचा, आणि पाखराच्या अंगाला येतो तो उन्हात तापलेल्या पिसांचा, जरा पिठासारखा वास.

"आत तोंड घालून काय पाहून राह्यली?" आत्याने मागून विचारलं.

"वास घेऊन राह्यली."

"अजून येते काय?"

"येते."

विळा भिंतीला टेकवून क्षणभर तीही माझ्या शेजारी वाकली.

हे कपाट पोपटासाठी घेतलं होतं. नव्या माणसाला सांगितलं की हसू येतं. येऊ द्या. तेव्हाही लोक हसले होते, आणि आत्याने त्यांच्यासमोरूनच ते घरी आणलं होतं.

आम्ही तेव्हा नागभीडला राहायचो. बाबा रेल्वेत गँगमन होते, छोट्या लाईनवर. गोंदियाकडून, चांद्याकडून, नागपूरकडून, सगळीकडून छोट्याच गाड्या यायच्या. रुळांना लागून आमची क्वार्टरं. गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि ताटातल्या वरणावर बारीक लाट उठायची. दोरीवरच्या कपड्यांना कोळशाचा वास लागायचा. माय रोज चिडायची आणि रोज तिथेच कपडे वाळत घालायची, कारण ऊन तिथेच होतं. इंजिनाची शिट्टी फार मोठी नव्हती. आधी खाली, मग उगाच वर चढणारी, शेवटी तुटल्यासारखी. चांद्याची गाडी कुठली आणि नागपूरची कुठली हे आम्ही पोरं शिट्टीवरून ओळखायचो.

होळी झाल्यावर आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, लग्नाला दोन-तीन उन्हाळे झालेली. माय अंगणात मोहफुलं पसरत होती. त्या दिवसांत सगळी वस्ती त्याच वासाने भरलेली असायची, गोड आणि जड, डोकं धरायला लावणारा. आत्या रुळांच्या कडेने पेटी घेऊन चालत आली, पेटी अंगणात ठेवली आणि म्हणाली, "वहिनी, मी आली."

माय म्हणाली, "हातपाय धू. पानी रांजनात आहे."

एवढंच. ती काऊन आली, कशासाठी आली, हे मला कोणी सांगितलं नाही. पुढे मीही विचारलं नाही. लोक मात्र विचारायचे. नळावर, विहारात, बाजारात, आडून आडून विचारायचे. आत्या त्यांच्याकडे सरळ पाहायची आणि म्हणायची, "तुमाले कायले पाह्यजे?" मग ते गप्प व्हायचे, पण तिच्या पाठीमागे बोलायचे. ती पाठ ताठ ठेवून चालायची. माझ्या लहानपणाच्या आठवणींत आत्याचा चेहरा जितका आहे तितकीच तिची पाठही आहे.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी वादळ आलं. लाईनवर एक वाळका सेमल, काटेसावरीचं झाड, आडवा झाला. तो तोडून बाजूला करताना बाबांना त्याच्या ढोलीत पोपटाची पिल्लं सापडली. बाकीची मेली होती. एक जिवंत होतं. ते त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं आणि मायपुढे धरलं. माय म्हणाली, "माह्यापुढं कायले धरता? मले काय कमी कामं आहेत?" तेव्हा आत्याने हात पुढे केला.

त्या पिलाचं अंग अजून अर्धं उघडं होतं. निळसर कातडी, त्यावर हिरव्या काड्या उगवल्यासारखी पिसं, आणि डोक्याच्या मानाने अवाढव्य चोच. एक पंख मुडपून गेला होता. आत्या भात चावून चावून मऊ करायची आणि बोटाच्या टोकावर घेऊन त्याला भरवायची. भरवताना स्वतःचंही तोंड उघडायची. ते जगलं. भराभर वाढलं, हिरवंगार झालं, मानेला तांबडा पट्टा पुढे दोनेक वर्षांनी आला. पण पंख सुधारला नाही. पोपट चालायचा. छाती काढून, मान मागे टाकून, एकेक पाय विचार करून टाकत अंगणभर फिरायचा, जसा कोणी शेताचा धुरा, म्हणजे बांध, पाहायला निघाला आहे.

"पाटील आले," आत्या म्हणाली.

तेच नाव पडलं. शेजारच्या काकांना ते खटकलं. आमची सगळी वस्ती बौद्धांची, आणि गावात खरे पाटील होते. ते म्हणाले, "वच्छे, दुसरं नाव नाई भेटलं काय? मिठू म्हन, राघू म्हन. कोनाच्या कानावर गेलं तं?"

"गेलं तं गेलं," आत्या म्हणाली. "आपल्या वस्तीत पाटील नव्हता. आता आहे."

आणि रोज संध्याकाळी ती अंगणात उभी राहून मोठ्याने हाक मारायची, "पाटील, या जेवाले." रस्त्यावरून जाणारे वळून पाहायचे. तिला ते पाहणं हवं असायचं.

पावसाळा संपता संपता तिने राईस मिलमध्ये काम धरलं. बाबांना ते नको होतं. त्यांचं म्हणणं होतं की बहीण मिलला गेली तर तिचं सासर म्हणेल, भावाला पोसणं झालं नाही. आत्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाली. संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या अंगाला उकडलेल्या धानाचा वास असायचा, ओला, उबदार, भूक चाळवणारा वास. भुवयांवर, पापण्यांवर कोंड्याची पांढरी भुकटी. पाटील चालत चालत अंगणाच्या फाटकापर्यंत जायचा, तिच्या लुगड्याला चोच लावून वर चढायचा आणि खांद्यावर बसून भुवईतला एकेक कण टिपायचा. ती डोळे मिटून उभी राहायची. मी त्या वेळी तिच्याशी बोलायची नाही.

मग बोक्याचं झालं. वस्तीत एक मोठा तांबडा बोका फिरायचा. आत्या मिलवर, माय नळावर, आणि मी शाळेतून येत होते. फाटकातच मला पाटलाचं ओरडणं ऐकू आलं. मी दगड मारला तसा बोका पळाला, पण पाटलाची शेपटी त्याच्या तोंडात गेली. अंगणभर हिरवी पिसं. पाटील रांजणामागे जाऊन बसला तो आत्या येईपर्यंत निघाला नाही.

बाबा म्हणाले, "पिंजरा आन वच्छे, नाईतं सोडून दे त्याले कुठी तरी."

"सोडला तं उडन कसा?"

"मंग पिंजरा आन."

पिंजरा हा शब्द आत्याला आवडला नव्हता. ते तिच्या तोंडावरून मला कळलं. पण रांजणामागून ओढून काढलेला पाटील तिच्या पदरात थरथरत होता, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. पगार झाला तसा तिने मला बरोबर घेतलं आणि आम्ही पिंजरा पाहायला निघालो.

पहिलं दुकान नागभीडच्या स्टेशनाजवळचं, लोखंडी सामानाचं. बादल्या, साखळ्या, कढया, आणि वर छताला टांगलेले पिंजरे. गोल घुमटाचे, हिरव्या रंगाचे. आत एक आडवी काडी, कडेला दोन वाट्या. मला ते फार सुंदर वाटले, देवळाच्या कळसासारखे. आत्याने एक खाली काढायला लावला, त्याचं दार वर सरकवलं आणि हात आत घातला. कोपरापर्यंत घातला. मग मूठ वळवून पाहिली. मूठ वळली, पण बोटं पसरली की तारांना लागायची.

"याच्यात तो मुंडी फिरवन कसा?"

दुकानदार म्हणाला, "बाई, पोपटाले काय नाचाचं आहे काय?"

"नाचाचं आसन तं?"

आम्ही बाहेर पडलो. पुढच्या आठवड्यात ब्रह्मपुरीच्या बाजारात गेलो. तिथे चौकोनी पिंजरे होते, जाड तारेचे, आणि एकेकाच्या दाराला कुलपाची जागा. आत्याने त्या जागेवर बोट ठेवलं. "हे कायले?"

"चोरीगिरी होते नं."

"चोर बाहीरचा, अन् कुलूप पाखराले?"

माणसाला ते समजलं नाही. त्याने दुसरा दाखवला. त्यातही तिने हात घातला, कोपर वळवलं, बोटं पसरली. बाजारात लोक थांबून पाहायला लागले, की ही बाई पिंजऱ्यात हात घालून काय मोजते आहे. मला लाज वाटत होती. आत्याला वाटत नव्हती. तिने तो पिंजरा परत दिला आणि मला भजी घेऊन दिली. त्या भज्यांचा, कागदाला लागलेल्या तेलाचा आणि तिच्या लुगड्याला लागलेल्या धानाचा मिळून एक वास होता. तो मला कधीही, कुठल्याही बाजारात आठवतो.

मग ती म्हणाली, "चांद्याले भेटन. मोठं शहर आहे."

सकाळच्या गाडीने निघालो. सिंदेवाही, मूल, मध्ये सगळं जंगल. फांद्या डब्याच्या खिडक्यांना घासायच्या आणि सीटवर पानं पडायची. चांद्याच्या बाजारात एका गल्लीत पाखरं विकणारा बसायचा. त्याच्याकडे पिंजरेच पिंजरे, एकावर एक रचलेले, आणि प्रत्येकात पोपट. इतके पोपट मी एकत्र पाहिले नव्हते, पण गलका नव्हता. ते नुसते बसले होते. त्यांच्या शेपट्या तारांतून बाहेर आल्या होत्या आणि टोकं झिजली होती.

माणूस हसरा होता. आत्याने मोठा पिंजरा मागितला तेव्हा त्याने समजुतीने मान हलवली. "मोठा घेऊ नका बाई. माझं ऐका. मोठ्यात पक्षी बोलत नाही. तंग जागा असली, चारी बाजूंनी काही दिसलं नाही, की मग तो माणसाच्या तोंडाकडे पाहतो. मग बोलतो. लहान घ्या. महिन्यात राम राम म्हणेल."

आत्याच्या हातात तिथलाच एक लहान पिंजरा होता. तो तिने हळूच खाली ठेवला.

"तंग ठेवला की बोलते?"

"हमखास."

"अन् आपन म्हनू तेच बोलते?"

"दुसरं काय बोलणार?"

"मंग माह्यावाला नाई बोलला तरी चालन," आत्या म्हणाली.

तिने माझा हात धरला. ती इतकी झपाझप चालत होती की मला पळावं लागत होतं. आम्ही गल्ल्यांमागून गल्ल्या चालत गेलो. मला वाटलं, आता परत नागभीड, आणि पाटील जाणार बोक्याच्या पोटात. तेवढ्यात ती थांबली. समोर सुताराचं दुकान होतं. पलंग, पाट, देव्हारे, रंधा मारल्याच्या सालींचा ढीग, कच्च्या सागवानाचा तो तुरट तेलकट वास. दाराशी एक जाळीचं कपाट उभं होतं. नवंकोरं, माझ्या उंचीपेक्षा उंच, मुलीच्या लग्नात आंदण म्हणून देतात तसलं. आत्याने दोन्ही दारं उघडली आणि फळ्या हलवून पाहिल्या. त्या खाचांत बसवलेल्या होत्या, निघत होत्या. तिने त्या काढून भिंतीला टेकवल्या. मग कपाटात डोकं घातलं, खांदे घातले, दोन्ही हात पसरले. हात पुरते पसरले.

सुतार म्हातारा होता. तो बिडी ओढत पाहत होता. "लग्न कोनाचं आहे बाई?"

"लग्न नाई. पाटलासाठी पाह्यजे."

"कोनते पाटील?"

"नागभीडचे."

म्हाताऱ्याने बिडी टाकली, उठून उभा राहिला आणि गड्याला म्हणाला, "पुसून दे रे. पाटलाच्या घरी जाते."

मी हसू दाबायला तोंडात फ्रॉकचं टोक कोंबलं. आत्या हसली नाही. फळ्या नको म्हणाली, त्यांच्याऐवजी दोन गोल दांडे बसवून मागितले, एक वर, एक खाली. म्हाताऱ्याने दुधाच्या कपाटाला दांडे कायले, हे विचारलं नाही. पाटलाघरचं काम, असेल काही रीत, असं त्याला वाटलं असावं.

परतीच्या गाडीत ते कपाट गार्डाच्या डब्यात चढवलं. गार्ड बाबांच्या ओळखीचा होता. आम्ही दोघी कपाटाशेजारी खाली बसलो. दार उघडं होतं, बाहेर कापायला आलेलं धान सोनेरी होत मागे जात होतं. प्रत्येक स्टेशनवर कोणीतरी विचारायचं, "आंदण घेऊन कुठी?" आणि आत्या दर वेळी म्हणायची, "माह्याच घरी." तिसऱ्या-चौथ्या स्टेशनला मीही तिच्याबरोबर म्हणायला लागले.

नागभीडला ते हातगाडीवर ठेवून बाजाराच्या रस्त्याने आणलं. मागच्या रस्त्याने आणता आलं असतं. वस्तीतल्या बाया दारांत आल्या. नवऱ्याला सोडून आलेली बाई स्वतःच्या पगारातून स्वतःचं आंदण घेऊन येते आहे, असंच ते दिसत होतं, आणि तसं दिसू द्यायला तिची हरकत नव्हती.

घरी माय मात्र पेटली. "माह्या लग्नापासून मी एक जाळीचं कपाट मांगून राह्यली. माह्या घरचं दूध मांजर पेते, अन् पोपटाले कपाट?" तिने त्या रात्री आत्याला वाढलं, पण ताट सरकवून वाढलं. नंतर कितीतरी दिवस ती आत्याशी मोजकंच बोलायची. तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण कपाट घरात उभं राहिलं, सपरीत, जिथून अंगण दिसायचं, रूळ दिसायचे आणि आभाळही.

पाटलाला ते घर मानवलं. आत्या घरी असली की दारं उघडी, ती मिलला गेली की बंद. तो वरच्या दांड्यावरून खालच्या दांड्यावर उतरायचा, जाळीला धरून चढायचा, अंग पसरायचा, तो मोडका पंखसुद्धा जमेल तेवढा उघडायचा. शेपटी पुन्हा आली. लाखोळीच्या कोवळ्या शेंगा आल्या की दाणे खायचा आणि सालं खाली टाकायचा, त्यांचा हिरवा कच्चा वास सपरीभर. आणि तो माणसाचं बोलणं बोलला नाही. आम्ही सगळ्यांनी शिकवलं. बाबांनी जयभीम शिकवलं, मी माझं नाव शिकवलं. तो मान तिरपी करून ऐकायचा आणि गप्प. पण एका दुपारी गाडीची वेळ नसताना शिट्टी झाली. आधी खाली, मग उगाच वर, शेवटी तुटलेली. बाबा झोपेतून उठून बसले. सपरीत पाटील दांड्यावर फुगून बसला होता. त्याने पुन्हा वाजवली.

तेव्हापासून नागभीडला एक गाडी वाढली, आणि तिला वेळापत्रक नव्हतं.

थंडीत आत्याच्या सासरची माणसं आली. नवरा आला नाही. त्याचा मोठा भाऊ, आत्याचा जेठ, आला आणि त्याच्याबरोबर समाजातले दोन म्हातारे. जयभीम झाला, बाबांनी खाट टाकली. आत्या घरात गेली नाही. सपरीत कपाटाशेजारी बसून सुपात तांदूळ पाखडत राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बाबांशी बोलत होते. पीक कसं आहे, थंडी कशी आहे, आणि मग, "भाऊ, बाईले समजवा. झालं ते झालं. लेकीबाईचं घर म्हनजे शेवटी सासर."

बाबा हाताची बोटं मोडत बसले. मी दाराआडून पाहत होते. बाबा मऊ माणूस होते आणि म्हाताऱ्यांपुढे त्यांचा आवाज निघायचा नाही. ते हो म्हणतील असं मला वाटलं. आत्यालाही वाटलं असावं, कारण सूप थांबलं होतं.

"माह्या तोंडाकडं काय पाहता," बाबा म्हणाले. "तिलेच विचारा नं. ती बसून आहे."

तेवढ्यात माय चहा घेऊन आली. कपाटावरून रुसलेली माय. पाहुण्यांच्या खाटेपाशी ती थांबलीच नाही. सरळ सपरीत गेली, पहिला कप आत्याच्या हातात दिला आणि मग पाहुण्यांकडे वळली. खाटेवरचे तिघेही ते पाहून सरकून बसले.

आत्याने चहाचा घोट घेतला. मग बोलली. आवाज चढवला नाही.

"मी काऊन आली हे तुमाले माहीत आहे. त्यालेबी माहीत आहे. माह्या तोंडून वदवू नोका. मी इथी राहून राह्यली, काम करून राह्यली, माह्या पायावर उभी आहे. मले न्याले आता कोनी येऊ नोका. आले तं चहा भेटन. मी नाई भेटाची."

जेठ म्हणाला, "अन् लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनूनच राह्यले आहेत. मेली काय मी?"

आणि कपाटातून शिट्टी झाली, लांब, चढत गेलेली, शेवटी तुटलेली. एक म्हातारा दचकला, काठी चाचपत उठला आणि म्हणाला, "गाडी आली काय?"

"आली," आत्या म्हणाली. "जा. चुकन."

ते गेले. खरंच स्टेशनकडे भराभर चालत गेले. बाबा खाली मान घालून बसले होते, मला वाटलं रडताहेत. जवळ गेले तर त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. मायने पदर तोंडाला लावला होता. आत्या तेवढी हसत नव्हती. तिने सूप पुन्हा हातात घेतलं होतं, आणि तांदळाचे दाणे इकडे तिकडे सांडत होते. ते मी आणि मायनेच पाहिलं.

पुढे सावलीच्या एका मिलमध्ये तिला बरं काम लागलं आणि ती तिकडे गेली, कपाटासकट, पाटलासकट. माझ्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा तिथून आली आणि म्हणाली, "पोट्टीले आधी नर्सिंग करू द्या." करू दिलं. छोट्या गाड्या एकेक करून बंद झाल्या. रूळ उपटले, मोठे रूळ आले, कोळशाचा वास गेला, भांड्यांची किणकिण गेली. पण मी सावलीला गेले की सपरीतून माझ्या लहानपणीची चांद्याची गाडी सुटायची. कितीतरी वर्षं सुटत होती. सावलीला रेल्वेची लाईन नाही. शेजारच्या पोरांनी ती गाडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, तरी ती शिट्टी तोंडाने वाजवत पळायची.

मध्ये एकदा जंगलखात्याचा माणूस आला होता. पोपट पाळणं आता गुन्हा आहे, हे त्याने सांगितलं. आत्याने दारं उघडली. "न्या. कुठी तरी असा सोडा का मांजर येनार नाई." त्याने पाटलाला हातावर घेतलं, तो पंख पाहिला, हळूच परत दांड्यावर ठेवला. जाताना म्हणाला, "बाई, दुसरा नका ठेवू." आत्याने त्याला सांगितलं की दुसरा ठेवायला ती काही वेडी नाही. आणि ते खरं होतं. उन्हाळ्यात कोणी ढोलीतली पिल्लं काढून विकायला आणली की ती रस्त्यात उभी राहून अशी झाडायची, की तो पुन्हा त्या गल्लीत फिरकायचा नाही.

पाटील गेला तेव्हा मी भामरागडला नोकरीवर होते. पावसाळा होता, पर्लकोटा नदी पुलावरून वाहत होती, रस्ता बंद, फोन बंद. पाणी उतरलं तेव्हा निरोप मिळाला. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. समोर पर्लकोटा आणि तिला मिळणारी दुसरी नदी लाल होऊन एकमेकींत शिरत होत्या. म्हातारपणानं गेला, झोपेत गेला, असं आत्याने कळवलं होतं. रडायला आलं, ते मी रडून घेतलं. एका माडिया बाईने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, घरचा म्हातारा. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला ते खोटं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

या दिवाळीनंतर गेले तेव्हा आत्या घरात टिकत नव्हती. तिने यंदा गावाबाहेरची एक बांधी, धानाचं छोटं शेत, बटईने म्हणजे वाट्याने केली आहे. गुडघे दुखतात, डॉक्टर नको म्हणतो, आम्ही घरचे नको म्हणतो. धान पिकायला आलं आहे. कपाटाचं दार लावून ती म्हणाली, "चाल, येतं तं ये. उन्हं उतरली की ते येतात."

"कोन?"

"चाल तं."

आम्ही धुऱ्यावरून चालत गेलो. वैनगंगेकडून गार वारा येत होता, पिकल्या धानाचा सुका गोड वास. लोंबा वाकल्या होत्या. आणि मग आले. चिंचेच्या शेंड्यावरून, कर्कश ओरडत, पोपटांचा थवाच्या थवा. उतरले आणि लोंबा तोडायला लागले. एकेक लोंब पायात धरून दोन दाणे खायचे आणि बाकीची फेकून द्यायचे. सोनेरी शेतात हिरवी आग लागल्यासारखे दिसत होते. तेच अंग, तीच चोच, मानेचा तोच तांबडा पट्टा.

आत्याने धुऱ्यावरचा रिकामा तेलाचा डबा उचलला आणि काठीने बडवायला सुरुवात केली. काय आवाज होता. थवा एकदम उठला, आमच्या डोक्यावरून गरकन फिरला, बांधीच्या दुसऱ्या टोकाला उतरला. आत्या लंगडत तिकडे निघाली.

"आत्या," मी मागून म्हणाले, "पाटलाच्याच जातीचे आहेत."

ती थांबली. वळली. घाम पुसला.

"ज्याले उडता येते," ती म्हणाली, "त्याले म्या काऊन पोसाचं?"

धुऱ्यावर आणखी एक डबा पडला होता. तिने काठीने तो माझ्याकडे ढकलला.

"पाहून काय राह्यली? वाजव."

मी चपला काढल्या, डबा उचलला आणि वाजवत तिच्या मागे निघाले.